‘दहावीनंतर काय?’ हा प्रश्न आठवीतच विचारू या

(मराठवाड्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘दहावीनंतर काय?’ असा विषय मला दिला आहे. या विषयावर शाळाशाळांतून भाषणं होतात, तुम्हीही ती ऐकली असतील. शहरातून एखादे सर येतात, फळ्यावर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशा तीन चौकटी काढतात आणि सांगतात, आपली आवड ओळखा, ध्येय ठरवा, मेहनत करा. मुलं टाळ्या वाजवतात, मुलीही वाजवतात. पण यातल्या किती मुलींना त्या तीन चौकटींतली एक स्वतः निवडण्याची मुभा आहे, हे विचारणारे सर मला अजून भेटायचे आहेत.

म्हणून आज मी मुलींशी नाही, तुमच्याशी बोलणार आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच. आपल्या भागातली मुलगी कॉलेजात जाणार की नाही हे फक्त तिच्या मार्कांवर ठरत नाही. ते ठरतं दहावीचा शेवटचा पेपर आणि अकरावीचा पहिला दिवस यांच्यामधल्या तीन-चार महिन्यांत. आणि त्या महिन्यांत घरात काय होणार, हे त्याआधी दोन-तीन वर्षं काय तयारी झाली यावर ठरतं. ही तयारी करून घेणं हे शिक्षकांवर किंवा क्लासवाल्यांवर सोडून देण्याचं काम नाही. मारहाणीची, हुंड्याची केस आपण हातात घेतो, तसंच हेही आपलं काम आहे.

दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी ठेवून बघा. पहिलं शाळेचं. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, निकाल मे महिन्यात लागतो. २०२५ साली तो १३ मे रोजी लागला. त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं सुरू झाले आणि पहिली यादी लागायला जूनचा शेवट उजाडला. दुसरं कॅलेंडर आपल्या गावांचं. साखर कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत येतात. उचलीचा हिशेब होतो. मुकादमाचं फिटलं की अंगावर राहिलं, ते कळतं. आणि लगेच लगीनसराई सुरू होते. मुलीच्या शिक्षणाचा रिकामा काळ आणि लग्नांचा भरगच्च काळ एकच आहे.

या काळात त्या मुलीची स्थिती काय असते? शाळेच्या हजेरीपटावरून तिचं नाव गेलेलं असतं, कॉलेजच्या हजेरीपटावर ते आलेलं नसतं. कुठलीही संस्था तिची हजेरी घेत नाही. मार्चपर्यंत ती आठ दिवस दिसली नाही तर बाई विचारायच्या, घरी निरोप पाठवायच्या. एप्रिलमध्ये कोणी विचारत नाही. जुलैमध्ये कॉलेजला तर ती होती हेच ठाऊक नसतं. त्या मुलीनं शाळा सोडली असं कुठल्या कागदावरही येत नाही. ती दहावी पास झालेली असते, एवढंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. बीड आणि परभणी जिल्ह्यांत हा आकडा ४० टक्क्यांच्याही वर होता. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आपल्या हातात आहे. गावात ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ वर फोन करता येतो. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी मांडवात जाऊन लग्नं थांबवली आहेत. पण पुढचं काय? कायद्यानं लग्न एका दिवसापुरतं थांबतं. जूनमध्ये त्या मुलीला जायला एक जागा असेल, तिचं नाव कुठल्या तरी यादीत असेल, तरच ते थांबलेलं राहतं. नाहीतर दोन महिन्यांनी मामाच्या गावाला गुपचूप अक्षता पडतात.

आता लोक म्हणतील, मुलींचं शिक्षण तर सरकारनं फुकट केलं, मग अडलं कुठे? फुकट म्हणजे नेमकं काय, ते आपल्याला नीट माहीत हवं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी आधीपासून वेगळ्या योजना आहेत. ही मोठी गोष्ट आहे, तिचं मोल मी कमी करत नाही. पण ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून आलेल्या मुलींनाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर मिळत नाही. खोली, मेस, पुस्तकं, येणं-जाणं हेही त्यात येत नाही. म्हणजे ज्या मुलीनं वेळेवर सीईटी दिली, वेळेवर अर्ज भरला, वेळेवर कागद जोडले, तिच्यासाठी शिक्षण फुकट आहे. एक तारीख हुकली तर त्याच कॉलेजची पूर्ण फी भरावी लागते, आणि मग घरी एका वाक्यात निकाल लागतो: ‘राहू दे आता.’

तेव्हा तयारी म्हणजे काय, ते एकेक घेऊ या.

पहिली गोष्ट कागदांची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, आधारशी जोडलेलं मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. राखीव जागेवरून व्यावसायिक शिक्षण घ्यायचं तर जात पडताळणीचं प्रमाणपत्रही लागतं. उत्पन्नाचा दाखला दर वर्षी नवा काढावा लागतो. हे सगळं निकालानंतर काढायला गेलं तर सेतू केंद्रावर रांग असते, तहसीलमध्ये साहेब रजेवर असतात आणि दिवस निघून जातात.

यात सगळ्यात जास्त अडते ती परित्यक्ता बाईची मुलगी. जातीच्या दाखल्याला वडिलांकडचा जुना पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे ज्या घरानं आईला मारून हाकललं, त्याच घराच्या दारात मुलीला कागदासाठी उभं राहावं लागतं. सासरचे लोक तो कागद देत नाहीत, किंवा पोटगीचा दावा मागे घे म्हणतात. अशी एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. आजोबांच्या शाळेच्या एका उताऱ्यासाठी तिचं सबंध वर्ष गेलं.

इथे गटाचा उपयोग होतो. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत शिकले, त्या शाळेकडे प्रवेश-निर्गम रजिस्टरच्या उताऱ्यासाठी लेखी अर्ज करता येतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागता येते. एकटी बाई गेली तर तिला उद्या या म्हणतात. पाच जणी गेल्या, अर्जावर पोच घेतली, तर कागद हलतो. आईवडिलांच्या जाती वेगळ्या असतील तर हेही लक्षात ठेवा: २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की अशा लग्नात मुलाची जात आपोआप बापाचीच धरून चालणार नाही. आई अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि मूल तिच्याच समाजात, तेच सोसत वाढलं असेल, तर तसा पुरावा मांडता येतो. पण हे सगळं बारावीच्या निकालानंतर सुरू करून चालत नाही. मुलगी आठवी-नववीत असताना ते सुरू व्हायला हवं.

दुसरी गोष्ट मोबाइलची. तुम्हाला ही बारीक वाटेल, पण बारीक नाही. आज प्रवेशाचा, शिष्यवृत्तीचा प्रत्येक अर्ज ऑनलाइन आहे, आणि प्रत्येक अर्जाला ओटीपी लागतो. तो कोणाच्या फोनवर येतो? बापाच्या नाहीतर भावाच्या. ते कारखान्यावर असले, रागावलेले असले, किंवा फोनमध्ये रिचार्ज नसला, की मुलीचा अर्ज तिथेच थांबतो. कधी कधी नेट कॅफेवाला आपलाच नंबर टाकतो, पासवर्ड आपल्याच वहीत लिहून ठेवतो आणि कॉलेजांचे पसंतीक्रमही आपल्याच मनानं भरतो. एका मुलीला असं साठ किलोमीटरवरचं कॉलेज लागलं. तिनं ते मागितलंच नव्हतं. घरच्यांनी सांगितलं, एवढ्या लांब नाही पाठवायचं, आणि तिचं ते वर्ष तिथेच संपलं. म्हणून मुलीच्या अर्जावर मुलीचा किंवा आईचा नंबर हवा. आईचा फोन साधा, बटणाचा असला तरी ओटीपी त्यावर येतो. पासवर्ड मुलीच्या वहीत हवा. पसंतीक्रम तिनं घरी बसून कागदावर लिहावा आणि तो कागद घेऊनच कॅफेत जावं.

तिसरी गोष्ट, काय शिकायचं. आमच्या गटातल्या मुलींना मी विचारते, काय व्हायचंय? उत्तरं तीनच येतात: डॉक्टर, शिक्षिका, पोलीस. कारण गावात बाहेरून आलेल्या, पगार घेणाऱ्या बायका त्यांनी एवढ्याच पाहिल्या आहेत. आणि घरात काय ठरतं? मुलाला लातूरला क्लास लावायचा, मुलीला जवळच्या आर्ट्सला घालायचं. आर्ट्स वाईट नाही. वाईट हे आहे की ते तिनं निवडलेलं नसतं. वह्या कमी लागतात, प्रॅक्टिकलसाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागत नाही, म्हणून ते तिला दिलेलं असतं.

वाटा किती आहेत ते तिला वेळेवर कळलं पाहिजे. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करता येतो आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआय आहे. या सगळ्यांत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. बारावीनंतर नर्सिंगचा एएनएम दोन वर्षांचा असतो आणि त्याला आर्ट्सची मुलगीही जाऊ शकते. जीएनएम आणि बीएससी नर्सिंग त्याच्या पुढचे. बीएससीला जीवशास्त्रासह सायन्स लागतं आणि सीईटीही द्यावी लागते. शेतीची पदवी आहे, परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. बारावी कुठल्याही शाखेतून झाली तरी पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यासक्रम सीईटी देऊन करता येतो. कोर्टाच्या पायऱ्या चढून चपला झिजवलेल्या आपल्यासारख्यांना तालुक्याला बायका वकील असण्याची गरज मी सांगायला नको.

अकरावीला विषय निवडताना काय सोडतो आहोत, तेही सांगायला हवं. गणित सोडलं की इंजिनिअरिंगची वाट जवळजवळ बंद होते. जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीय आणि बीएससी नर्सिंगची. पंधरा वर्षांच्या मुलीनं मैत्रिणीनं गणित सोडलं म्हणून आपणही सोडलं असं होऊ नये.

फसवणुकीबद्दलही बोलू या. गावोगाव ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा पाट्या लागतात. मुलगी पैसे भरते, कोणाच्या तरी दवाखान्यात बिनपगारी किंवा फुटकळ पगारावर राबते, आणि तिची नोंदणी कुठेच होत नाही. प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारायचा: या अभ्यासक्रमाला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? असल्यास पत्र दाखवा. तेच डी.एड.चं. एके काळी गल्लोगल्ली कॉलेजं निघाली, आणि नंतर शिक्षक भरती वर्षानुवर्षं थांबली. पदव्या घेतलेल्या मुली घरी बसल्या, आणि ‘शिकून काय झालं?’ म्हणणाऱ्यांना उदाहरण मिळालं. तेव्हा कोर्सच्या नावापाशी थांबू नका. शेवटी कोणतं प्रमाणपत्र मिळतं, कोण देतं आणि त्यावर कुठे काम मिळतं, ते आधी विचारा.

चौथी गोष्ट रस्त्याची. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं ती योजना आहे. पण पास फुकट असला तरी गाडी वेळेवर यायला हवी. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. मुलगे मोटारसायकलवर तिघं बसून कॉलेजला गेले, मुली घरी राहिल्या, आणि त्यातल्या काही पुढेही परत गेल्या नाहीत. एसटी म्हणजे आमच्या मुलींसाठी शाळेचीच एक खोली आहे असं मी म्हणते. म्हणून कॉलेज सुटल्यावरची गाडी पाच वाजता हवी, सात वाजता नको, ही मागणी घेऊन आगार प्रमुखाकडे महिला गटानं जायचं. सोबत मुलींच्या सह्या आणि ग्रामसभेचा ठराव हवा.

लांब जायचं असेल तर वसतिगृह. समाजकल्याणची, आदिवासी विकासची वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. या प्रत्येकाचा अर्ज कॉलेजच्या अर्जाहून वेगळा असतो. कॉलेज मिळाल्यावर वसतिगृह बघू, असं म्हटलं की दोन्ही जातात. आणि वसतिगृह बघायला आईला सोबत न्या. संडासाला कडी आहे का, पाणी आहे का, रात्री बाई असते का, हे आईनं डोळ्यांनी पाहिलं की तिची भीती निम्मी होते. नसेल, तर ते मिळवण्यासाठी भांडणारी ती पहिली असते.

आणि पाचवी गोष्ट, सगळ्यात अवघड: आईबापांशी बोलणं. ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ ही घोषणा त्यांना पाठ आहे. त्यांच्या मनात जे आहे ते ते घोषणेसमोर बोलत नाहीत. मनात असतं, जास्त शिकली तर तितका शिकलेला मुलगा शोधावा लागेल आणि त्याचा हुंडा आम्हाला परवडणार नाही. मनात असतं, आम्ही सहा महिने फडावर, घरात म्हातारी, वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवू? काही बरंवाईट झालं तर गाव काय म्हणेल? ही भीती खोटी नाही. गाव खरोखरच बोलतं, आणि मुलीलाच बोलतं. मुलीला त्रास देणाऱ्या पोराचं शिक्षण कोणी बंद करत नाही.

त्यामुळे आईबापांना अडाणी ठरवून काही होणार नाही. त्यांच्या हाती पर्याय द्यावा लागेल. मुलगी हंगामात कुठे राहील, कोण लक्ष ठेवेल, महिन्याला किती खर्च येईल, त्यातला कितीचा भार योजनेतून निघेल, हा हिशेब बचत गटाच्या बैठकीत आकड्यांनिशी मांडायचा. आणि हुंड्याचा विषय तिथेच काढायचा. हुंडा घेणाऱ्याच्या घरी आपण मुलगी देणार नाही असं दहा घरांनी मिळून ठरवलं, तर शिकलेली मुलगी हे ओझं राहत नाही. एकेकट्या घराला ते जमत नाही, म्हणून तर संघटना असते.

ज्या मुली या महिन्यांत आधीच निसटल्या, त्यांचा हिशेबही मिटवू नका. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. ‘नापास झाली’ म्हणजे लग्न ठरवण्याचा परवाना नाही, हे घरच्यांना सांगा. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते. लग्न झालेल्या, कडेवर मूल असलेल्या मुलींना नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. लग्न झालं म्हणून आपल्या यादीतून तिचं नाव खोडू नका.

यादी म्हणाले, तेच आता शेवटी सांगते. प्रत्येक गावात एक वही घाला. आठवीपासून बारावीपर्यंतच्या सगळ्या मुलींची नावं तिच्यात लिहा. नावापुढे रकाने आखा: जन्मतारीख, जातीचा दाखला, बँक खातं, अर्जाचा नंबर कोणाच्या फोनचा, काय शिकायचं म्हणते, हंगामात कुठे राहते. आठवीत कागदांना हात घाला. नववीत तालुक्याचं कॉलेज, आयटीआय, नर्सिंगची शाळा मुलींना आणि आयांना एकत्र नेऊन दाखवा. दहावीत, परीक्षेच्या आधीच, पसंतीक्रम कागदावर लिहून घ्या.

आणि मार्चमध्ये शेवटचा पेपर सुटला, की त्या दिवसापासून कॉलेज सुरू होईपर्यंत दर आठवड्याला ती हजेरी आपण घ्यायची. कोणाकडे पाहुणे येऊन गेले, कोण मामाकडे गेली ती आली नाही, कोणाचा अर्ज अडला, हे त्या वहीत लिहायचं आणि त्याच आठवड्यात त्या घरी जायचं. खर्च एका वहीचा आणि आपल्या चपलांचा आहे.

येत्या मार्चपासून कोणत्या गावांत ही हजेरी सुरू करायची, ते दुपारच्या सत्रात गटागटानं ठरवू या. प्रत्येक गटानं गावाचं नाव आणि वही सांभाळणाऱ्या दोघींची नावं फळ्यावर लिहावीत. एकटीवर टाकू नका, दोघी ठेवा.